विंडशील्ड (दुचाकी)

विंडशील्ड म्हणजे मोटारसायकल किंवा स्कूटरच्या हँडलसमोर बसविलेली पारदर्शक काच होय. समोरून येणारा वारा चालकाच्या छातीवर व चेहऱ्यावर न आदळता वर आणि दोन्ही बाजूंना वळावा, हे तिचे मुख्य कार्य. तिला काच म्हणत असले तरी ती बहुधा पारदर्शक प्लॅस्टिकची असते. थंडीत शरीराची उष्णता टिकविणे, दूरच्या प्रवासातील थकवा कमी करणे आणि धूळ, किडे व पावसाचे थेंब अडविणे हे तिचे प्रमुख उपयोग आहेत. मात्र अंगावर येणारा वारा हीच वेगाची एक महत्त्वाची खूण असल्याने, वारा अडविला की चालकाला आपला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटू शकतो. त्यामुळे विंडशील्डचा विचार आराम आणि सुरक्षितता अशा दोन्ही अंगांनी केला जातो.

मुंबई उपनगरांत कडाक्याची थंडी क्वचितच पडते. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतून हिवाळ्यात कसारा किंवा खंडाळ्याचा घाट चढून नाशिक-पुण्याकडे जाणाऱ्या दुचाकीस्वारांना विंडशील्डच्या या दोन्ही परिणामांचा अनुभव येतो.

नाव

मराठी बोलीत ‘विंडशील्ड’ हा इंग्रजी शब्दच रूढ असून तो काचेप्रमाणे स्त्रीलिंगी वापरला जातो. हेडलाइटच्या वर बसविलेल्या लहान, अनेकदा गडद रंगाच्या आवरणाला गॅरेजमध्ये ‘व्हायझर’ म्हणतात. हेल्मेटच्या पुढील काचेलाही हाच शब्द असल्याने कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते संदर्भावरून ठरते. हेडलाइट, हँडल आणि इंजिनाच्या बाजू झाकणाऱ्या मोठ्या आवरणास ‘फेअरिंग’ म्हणतात. अशा आवरणात विंडशील्ड हा त्याचा वरचा भाग असतो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत आलेल्या स्कूटरमध्ये वारा आणि चिखल अडविण्याचा विचार मूळ आराखड्यातच होता. १९४६ साली आलेल्या व्हेस्पाच्या पुढील बाजूस पाय झाकणारा रुंद पत्रा होता. या पत्र्याने गुडघ्यापर्यंतचा भाग वाचे, परंतु छाती उघडी राही. ती उणीव भरून काढण्यासाठी हँडलला जोडता येणारी उंच पारदर्शक काच वेगळी विकली जाऊ लागली.

मुंबई उपनगरांचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या भांडुप येथील कारखान्यात इनोसेंटी या इटालियन कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होत. मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधल्या पट्ट्यातील हा कारखाना देशातील आरंभीच्या स्कूटर कारखान्यांपैकी एक होता. पुण्याच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक ही स्कूटर बाजारात आणली. या पिढीतील स्कूटरना थंड प्रदेशांत उंच काच बसविण्याची पद्धत होती. मुंबईत मात्र ती तुलनेने विरळ होती.

मोटारसायकलींच्या बाबतीत बीएमडब्ल्यूची १९७६ सालची आर १०० आरएस ही गाडी महत्त्वाची मानली जाते. वातबोगद्यात चाचण्या घेऊन आखलेले पूर्ण फेअरिंग तिला कारखान्यातूनच बसविलेले होते. भारतात हिरो होंडाच्या करिझ्मा (२००३) या गाडीला अर्धे फेअरिंग, तर रॉयल एन्फिल्डच्या हिमालयन (२०१६) या प्रवासी गाडीला लहान उभी काच मूळचीच होती. शहरी वापराच्या बहुतांश मोटारसायकली व स्कूटर आजही विंडशील्डविना विकल्या जातात आणि गरज असलेले चालक ती नंतर बसवून घेतात.

रचना व साहित्य

विंडशील्डसाठी प्रामुख्याने दोन प्रकारचे प्लॅस्टिक वापरले जाते.

ॲक्रिलिक: हे काचेसारखे स्वच्छ दिसते आणि त्यावर ओरखडे तुलनेने कमी उठतात, परंतु जोराचा आघात झाल्यास त्याचे तुकडे होतात. १९३० च्या दशकात ते बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

पॉलिकार्बोनेट: याचा शोध १९५३ चा. ते आघाताने सहसा फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात. म्हणून चांगल्या प्रतीच्या काचेवर कठीण लेप दिलेला असतो. पेट्रोल आणि अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव यांमुळे पॉलिकार्बोनेट धुरकट होते किंवा त्याला बारीक तडे जातात.

बसविण्याच्या पद्धतीही दोन आहेत. हँडलला जोडलेली विंडशील्ड हँडलबरोबर वळते. ती बसविण्यास सोपी असली तरी तिच्यावर पडणारा वाऱ्याचा जोर थेट हँडलमध्ये उतरतो. गाडीच्या सांगाड्याला जोडलेली विंडशील्ड स्थिर राहते आणि हँडलवर असा ताण येत नाही.

काचेच्या वरच्या कडेवरून निसटणारी हवा सरळ जात नाही. तिचे भोवरे होतात. ते चालकाच्या हेल्मेटवर आदळले तर डोके हलते आणि आवाज वाढतो. त्यामुळे नको त्या उंचीची काच काही वेळा काच नसण्यापेक्षाही त्रासदायक ठरते. काचेमागे हवेचा दाब कमी होऊन पाठीमागून वारा ओढला जातो. तो कमी व्हावा म्हणून काचेच्या खालच्या बाजूस फट किंवा झरोका ठेवतात.

थंडीतील कार्य

मानवी त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा नसेल तर हा थर टिकतो आणि शरीराची उष्णता सावकाश बाहेर पडते. वारा सुटला की हा थर सतत वाहून जातो, त्याच्या जागी थंड हवा येते आणि शरीर वेगाने निवते. स्थिर हवेत ताशी ६० किमी वेगाने जाणारा दुचाकीस्वार आपल्यासाठी तेवढ्याच वेगाचा वारा स्वतःच निर्माण करीत असतो. त्यामुळे पहाटे अंगणात सुखद वाटणारी हवा महामार्गावर बोचरी होते.

वाऱ्यामुळे जाणवणारा हा गारवा मोजण्यासाठी अमेरिका व कॅनडा येथील हवामान विभाग २००१ पासून एक सूत्र वापरतात. १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानालाच ते लागू होते. त्यानुसार हवेचे तापमान १० अंश असताना वाऱ्याचा वेग ताशी २० किमी असल्यास सुमारे ७ अंशांइतका, ४० किमी असल्यास ६ अंशांइतका आणि ६० किमी असल्यास ५ अंशांइतका गारवा उघड्या त्वचेला जाणवतो. तापमान ५ अंश असेल तर ६० किमी वेगाला तो उणे २ अंशांच्या आसपास जातो. सूत्रातील वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि चेहऱ्याच्या उंचीवर तो कमी भरतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. दुचाकीस्वाराला पूर्ण वेग भिडत असल्याने त्याला जाणवणारा गारवा याहून किंचित अधिकच असतो.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, गारव्यातील मोठी वाढ कमी वेगालाच होते. ६० ऐवजी ८० किमी वेगाने गेल्यास जाणवणारे तापमान फार बदलत नाही. दुसरी, हा आकडा उष्णता निघून जाण्याच्या गतीचा आहे. हवा १० अंशांची असेल तर वारा कितीही असला तरी कोरडी त्वचा १० अंशांखाली जात नाही. कपडे ओले असल्यास मात्र बाष्पीभवनामुळे शरीर आणखी वेगाने निवते.

विंडशील्ड छाती, पोट आणि गळा यांच्यासमोर संथ हवेची पोकळी तयार करते. शरीराचा गाभा उबदार राहिल्याने हातापायांकडील रक्तपुरवठा कमी करण्याची गरज शरीराला कमी भासते. त्यामुळे छातीसमोरच्या काचेचा अप्रत्यक्ष लाभ बोटांनाही मिळतो. परंतु हात स्वतः बहुधा काचेच्या बाहेरच असतात. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागले की बोटांची चपळता घटते, म्हणजे ब्रेक व क्लच दाबण्याची क्रिया मंदावते. म्हणून जाड हातमोजे आणि हँडलवरील हातरक्षक यांना विंडशील्ड हा पर्याय नाही; ती त्यांना पूरक आहे. विंडशील्ड नसलेले चालक जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे कागद घालतात, त्या जुन्या उपायामागेही वारा अडवून हवेचा थर राखण्याचेच तत्त्व आहे.

वेगाची जाणीव

माणसाला स्थिर वेग थेट कळणारे इंद्रिय नाही. अंतर्कर्णाला वेगातील बदल जाणवतो, स्थिर वेग जाणवत नाही. त्यामुळे चालक पुढील खुणांवरून वेगाचा अंदाज बांधतो:

– डोळ्यांसमोरून मागे सरकणारे दृश्य, विशेषतः जवळच्या रस्त्याचा पृष्ठभाग व कडेची झाडे
– वाऱ्याचा व इंजिनाचा आवाज
– छाती, खांदे आणि हेल्मेट यांवरील वाऱ्याचा दाब
– हँडल व आसनातून येणारी थरथर

यांपैकी दृश्य ही खूण सर्वांत प्रबळ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सरकत्या दृश्याचे महत्त्व मांडले. विंडशील्डमुळे दृश्य फारसे बदलत नाही, पण दाबाची खूण जवळजवळ नाहीशी होते आणि काच योग्य उंचीची असेल तर आवाजही घटतो. मोटारचालकांवरील प्रयोगांत आवाज कमी केल्यास वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो, असे आढळले आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणूनच विंडशील्ड नसलेल्या गाडीवर वारा हा एक नैसर्गिक लगाम ठरतो. ठरावीक वेगापुढे जाणे शरीरालाच नकोसे होते. खालील कोष्टकात वाऱ्यापुढे येणारे शरीराचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर धरून वाऱ्याचा अंदाजे जोर दिला आहे. थांबण्याचे अंतर काढताना प्रतिसादाचा वेळ १ सेकंद आणि रस्ता कोरडा धरला आहे.

| वेग (ताशी) | शरीरावरील वाऱ्याचा जोर | थांबण्यास लागणारे अंतर |
|---|---|---|
| ४० किमी | सुमारे २ किलो वजनाइतका | सुमारे २१ मीटर |
| ६० किमी | सुमारे ५ किलो वजनाइतका | सुमारे ४० मीटर |
| ८० किमी | सुमारे ९ किलो वजनाइतका | सुमारे ६३ मीटर |

विंडशील्डमुळे कोष्टकातील दुसऱ्या स्तंभाचा मोठा भाग चालकाच्या अनुभवातून वगळला जातो, तिसरा स्तंभ मात्र जसाच्या तसा राहतो. प्रत्यक्षात ७० किमी वेगाने जाणाऱ्या चालकाला आपण ६० ने जात आहोत असे वाटले, तर थांबण्यासाठी त्याच्या अंदाजापेक्षा सुमारे ११ मीटर अधिक लागतात. हे अंतर जवळजवळ एका बसच्या लांबीइतके आहे.

आणखी दोन गोष्टी या फसगतीत भर घालतात. बराच वेळ एकाच वेगाने गेल्यावर डोळे त्या वेगाला सरावतात आणि नंतर कमी केलेला वेग फारच कमी वाटतो. नाशिक महामार्गावर तासभर वेगाने आल्यानंतर वस्तीच्या रस्त्यावर शिरणारा चालक त्यामुळे नकळत जास्त वेग ठेवतो. दुसरी गोष्ट धुक्याची. दृश्यातील उठाव कमी झाला की तेच दृश्य अधिक सावकाश सरकत असल्याचा भास होतो, असे १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. धुरकट किंवा दवाने माखलेल्या काचेतूनही दृश्याचा उठाव कमीच असतो.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये इंजिनाच्या आवाजाची खूणही नसते. अशा गाडीला उंच काच बसविल्यास चालकाला जवळजवळ केवळ डोळ्यांवर विसंबावे लागते.

याची दुसरी बाजूही आहे. वाऱ्याशी सतत झुंजल्याने मान, खांदे आणि मनगटे थकतात. हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाज ताशी १०० किमी वेगाला ९० डेसिबलच्या पुढे जातो आणि तो दीर्घकाळ कानांवर पडणे अपायकारक असते. थकलेला, गारठलेला चालक उशिरा प्रतिसाद देतो. विंडशील्ड हा धोका कमी करते. यासाठी तिचा वापर करणाऱ्याने वेगाचा अंदाज शरीरावर न सोडता स्पीडोमीटरकडे वारंवार पाहणे, हा उपाय सांगितला जातो.

मुंबई उपनगरांतील स्थिती

उपनगरांचे तापमान सांताक्रूझ येथील वेधशाळेत नोंदविले जाते. जानेवारीत तेथील सरासरी किमान तापमान १६ ते १७ अंशांच्या आसपास असते. २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदविलेले ७.४ अंश हे तेथील नीचांकी तापमान मानले जाते. आरे वसाहत आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान या झाडीच्या भागांत पहाटेचा गारवा दाट वस्तीपेक्षा अधिक असतो. पहाटे दूध व वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्यांना तो जाणवतो, परंतु एरवी उपनगरांतील दैनंदिन वापरात थंडीसाठी विंडशील्डची गरज मर्यादित आहे.

घाटमाथ्यावर जाताना चित्र बदलते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे पुण्याकडे जाणारे दुचाकीस्वार जुन्या महामार्गाने खंडाळ्याचा घाट चढतात, तर मुलुंड-घाटकोपरकडील लोक नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा भंडारदऱ्यास जाताना ठाणे, शहापूर व कसारा घाटाचा मार्ग घेतात. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण ६.५ अंशांनी घटते, म्हणजे केवळ उंचीमुळेच तेथे सुमारे ४ अंशांचा फरक पडतो. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जाणे नेहमीचे असून निफाड परिसरात तो ५ अंशांखालीही उतरतो. उपनगरातून साध्या सदऱ्यावर निघालेला दुचाकीस्वार काही तासांतच अगदी वेगळ्या हवेत पोहोचतो, आणि त्याच वेळी मोकळ्या रस्त्यामुळे त्याचा वेगही वाढलेला असतो.

उपनगरांतील रस्त्यांच्या दिशेलाही महत्त्व आहे. पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातात. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यासारखे मार्ग पूर्व-पश्चिम असल्याने सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट समोर येतो. अशा वेळी ओरखडे पडलेल्या काचेवर प्रकाश पसरून पुढचे दिसेनासे होते.

मर्यादा व धोके

उष्मा: एप्रिल-मे व ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या दमट हवेत घाम वाळण्यासाठी अंगावर वारा लागणे आवश्यक असते. विंडशील्ड तोच अडविते. म्हणून सहज काढता-घालता येणारी काच येथे सोयीची ठरते.

पाऊस: विंडशील्डला वायपर नसतो. जून ते सप्टेंबरमधील मुसळधार पावसात तिच्यातून पाहणे अशक्य होते. चालकाची नजर काचेच्या कडेवरून पुढे गेली पाहिजे.

आडवा वारा: मुलुंड-ऐरोली खाडीपुलासारख्या मोकळ्या जागी, तसेच शेजारून मोठा ट्रक गेल्यास, उंच काचेवर बाजूने जोर येऊन गाडी ढळते. हलक्या स्कूटरवर हँडलला जोडलेली मोठी काच असल्यास हा परिणाम अधिक होतो.

रात्र: समोरच्या गाड्यांचे दिवे ओरखड्यांवर चमकतात. गडद रंगाच्या काचेतून रात्री पाहणे धोक्याचे असते.

निवड व निगा

काचेची वरची कड चालकाच्या नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यामुळे वारा हेल्मेटवरून निघून जातो आणि नजर काचेवरून मोकळी राहते. चालकाची उंची, आसनाची उंची आणि बसण्याची ढब यांनुसार ही रेषा बदलते. म्हणून एकाला योग्य असलेली काच दुसऱ्याला त्रासदायक ठरू शकते.

काच पुसताना आधी भरपूर पाण्याने धूळ भिजवून काढावी लागते, कारण कोरड्या फडक्याने पुसल्यास धुळीचे कणच ओरखडे पाडतात. सौम्य साबणाचे पाणी व मऊ सुती फडके पुरेसे असते. आधाराचे स्क्रू रबरी वायसर घालून बेताने आवळले जातात. ते फार आवळल्यास छिद्राभोवती तडे जातात, तर सैल राहिल्यास काच थरथरते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराला व मागे बसणाऱ्याला हेल्मेट बंधनकारक आहे. विंडशील्ड असली तरी ही सक्ती कायम राहते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीसाठी कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा अधिक रुंद रस्त्यावर ताशी ८० किमी आणि महापालिका हद्दीत ६० किमी आहे. स्थानिक प्रशासन याहून कमी मर्यादा ठरवू शकते. नंतर बसविलेल्या काचेमुळे हेडलाइट, दिशादर्शक दिवे किंवा पुढील क्रमांकपट्टी झाकली जाता कामा नये.

हेही पहा

– हेल्मेट
– वायुगतिकी
– स्कूटर
– पूर्व द्रुतगती महामार्ग
– कसारा घाट